हिरवी डिस्क काढली की सर्व्हर का मरायचा: एका पतसंस्थेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची पतसंस्था. सहा काउंटर, पिग्मीचे एजंट, सोनेतारण, आणि सोयाबीन-तुरीच्या हंगामात आडतीवरून येणारी मोठी रोकड. काउंटरवर विंडोजचे संगणक आणि मागच्या खोलीत एक सर्व्हर: ८ जीबी मेमरी, उबुंटू सर्व्हर २०.०४ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, तिचा गाभा म्हणजे कर्नल ५.४, आणि त्यावर मारियाडीबीचा डेटाबेस. सर्व्हरवर ग्राफिकल डेस्कटॉप नाही, नुसता काळा टेक्स्ट कन्सोल. त्याला गोल पिनचा जुना पीएस/२ कीबोर्ड जोडलेला. या कीबोर्डचा पुढं मोठा उपयोग झाला, म्हणून तो इथंच नोंदवलेला बरा.

रोज संध्याकाळी दिवसअखेर झाली, रोजकीर्द जुळली की लिपिक ताई एक स्क्रिप्ट चालवायच्या. स्क्रिप्ट आधी डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण नक्कल, सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर काढून जीझिपनं दाबायची, मग यूएसबीवरची बाहेरची डिस्क माउंट करायची, म्हणजे एका फोल्डरवर जोडायची. कर्जप्रकरणांच्या कागदांचे नवे स्कॅन तिच्यावर चढवायची आणि सगळ्यात शेवटी ३५० एमबीच्या आसपासची डंपची फाइल कॉपी करायची. त्यानंतर पडद्यावर अक्षरं यायची: «बॅकअप पूर्ण». ताई डिस्क उपसायच्या, शिपाई मामा ती पिशवीत घालून चेअरमनच्या घरी नेऊन ठेवायचे.

डिस्का तीन. लाल, हिरवी आणि निळी चिकटपट्टी लावलेल्या. सोमवार-गुरुवार लाल, मंगळवार-शुक्रवार हिरवी, बुधवार-शनिवार निळी. कुठली डिस्क किती वाजता बाहेर गेली, याची सहीनिशी नोंद एका वहीत. गावपातळीच्या संस्थेत इतकी शिस्त कौतुकाचीच आहे. आग लागली, चोरी झाली, पावसाळ्यात खोलीत पाणी शिरलं, तरी एक प्रत बाहेर सुरक्षित राहावी हा विचार पक्का होता. दोष होता तो डिस्क उपसण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात.

अडचण

जानेवारीच्या मध्यापासून सर्व्हर अधूनमधून संध्याकाळी मरायला लागला. बहुतेक वेळा कळायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. मामा शटर उघडायचे, काउंटर चालू व्हायचे आणि सर्व्हर प्रतिसाद द्यायचा नाही. बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. डेटाबेस आपल्या रीडू लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवरून, सावरून उभा राहायचा, म्हणून आठवडाभर कुणी फार मनावर घेतलं नाही.

मग एका शुक्रवारी एक पिग्मी एजंट उशिरा आला. दिवसअखेर होऊन गेली होती, तरी त्याचा भरणा दुसऱ्या दिवसाच्या तारखेत घ्यायचं काम एका काउंटरवर चालू होतं. त्याच वेळी सर्व्हर गेला. अर्धवट नोंद डेटाबेसनं मागं फिरवली, जे बरोबरच होतं. पण पावती छापून झालेली, रक्कम गल्ल्यात आलेली आणि खात्यात नोंद नाही. रात्री साडेआठपर्यंत माणसं बसून राहिली. तिथून पुढं मॅनेजरनी हा विषय धसाला लावायचं ठरवलं.

पहिले उपाय, आणि ते का फसले

आपल्याकडं यंत्र बंद पडलं की पहिला संशय लाइटवर जातो, आणि बऱ्याच वेळा तो खराही असतो. म्हणून आधी यूपीएसची बॅटरी बदलली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज देणारा डबा, बदलला. मग मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या आणि रात्रभर मेमटेस्ट चालवला. एकही चूक निघाली नाही. आतल्या डिस्कनं स्वतःच्या तब्येतीचा दिलेला स्मार्ट अहवालही स्वच्छ.

पैसे आणि तीन आठवडे गेले. वीज गेली असती तर यंत्र बंद तरी सापडलं असतं किंवा आपोआप पुन्हा चालू झालेलं तरी. इथं यंत्र चालू असायचं आणि तरीही मेलेलं असायचं. हा फरक पहिल्याच दिवशी विचारून घेता आला असता. तो शेवटी मामांनी स्वतःहून सांगितला: «सायेब, लाइट जात न्हाई. फॅन चालूच ऱ्हातोय, अन् कीबोर्डचे दोन दिवे सारखे लुकलुकायलेत.»

लिनक्सचं कर्नल पॅनिकमध्ये गेलं, म्हणजे गंभीर चूक पाहून त्यानं सगळं थांबवलं, की पीएस/२ कीबोर्डवरचे कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे लुकलुकवतं. यूएसबी कीबोर्डवर हे दिसत नाही. नुसतं गोठलेलं यंत्र हे करत नाही, वीज गेलेलं तर नाहीच. म्हणजे मामांच्या एका वाक्यानं एसएमपीएस, यूपीएस आणि बहुतांशी मेमरीही संशयातून सुटली. कर्नलनं स्वतः ठरवून हात वर केले होते. आता ते का, एवढं त्याच्याकडूनच काढून घ्यायचं होतं.

पुरावा गोळा करणं

सवयीप्रमाणं आधी मागच्या बूटचा जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, पाहिला. त्यात शेवटच्या ओळी साध्या, पॅनिकचा उल्लेखच नाही. यात नवल नाही: पॅनिक झाल्यावर लॉग डिस्कवर लिहिणारा प्रोग्राम चालायचाच थांबतो, मग शेवटचे शब्द लिहिणार कोण? लॉग रिकामा आहे म्हणून काही घडलं नाही असं समजणं, ही अशा प्रकरणातली नेहमीची फसगत.

पुढं दोन रस्ते होते. एक, मॉनिटर चालू ठेवून पडद्याचा फोटो काढायचा. दोन, केडंप बसवायचा, म्हणजे पॅनिक होताच राखून ठेवलेल्या मेमरीतून दुसरं छोटं कर्नल उठतं आणि पहिल्याची स्मृती फाइलमध्ये उतरवून ठेवतं. केडंपसाठी मेमरी बाजूला काढावी लागते आणि यंत्र एकदा रीबूट करावं लागतं. फोटोला काहीच लागत नाही. म्हणून आधी फोटो, आणि येत्या रविवारी केडंप, असा क्रम ठरला. ताईंना सांगितलं: मॉनिटर बंद करू नका, दिवे लुकलुकताना दिसले की बटणाला हात न लावता मोबाइलनं फोटो काढा. वरचं सगळं सरकून गेलं असलं तरी चालेल, शेवटची ओळ स्पष्ट यायला हवी.

शेवटच्या ओळीचा आग्रह यासाठी, की कॉल ट्रेस, म्हणजे कर्नल कुठून कुठं गेलं त्याची यादी, लांब असतो आणि वरचा भाग पडद्याबाहेर जातो. पण पॅनिकचं कारण कर्नल अगदी तळाशी पुन्हा एकदा छापतं. मंगळवारी संध्याकाळी फोटो आला. तळाची ओळ अशी:

«एंड कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: ईएक्सटी४-एफएस (डिव्हाइस एसडीसी१): पॅनिक फोर्स्ड आफ्टर एरर»

«फोर्स्ड» हा शब्द इथं मोलाचा. कर्नलचा पाय घसरलेला नाही, चुकीच्या पत्त्यावर हात गेलेला नाही. त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं की या डिस्कवर चूक दिसली तर सगळं थांबव, आणि त्यानं ऐकलं.

त्याच वेळी मामांची जावक वही शेजारी ठेवून सर्व्हर मेल्याच्या तारखा ताडून पाहिल्या. एकूण एक तारीख मंगळवार किंवा शुक्रवार. हिरवी डिस्क. ही वही पहिल्या दिवसापासून टेबलावरच पडून होती.

कारण

ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची लिनक्सची पद्धत. तिच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या मुख्य नोंदीत, एक छोटी सूचना लिहिलेली असते: चूक आढळली तर काय करायचं. पर्याय तीन. कंटिन्यू म्हणजे नोंद करून पुढं चालू राहा. रीमाउंट-आरओ म्हणजे फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेव. पॅनिक म्हणजे अख्खं यंत्र थांबव. काहीच सांगितलं नाही तर कंटिन्यू. माउंट करताना वेगळा पर्याय दिला नाही, तर सुपरब्लॉकमधली सूचना लागू होते.

ट्यून२एफएस या ईएक्सटी४ च्या साधनानं तिन्ही डिस्कांचे सुपरब्लॉक वाचले. «एरर्स बिहेवियर» या ओळीपुढं लाल डिस्कवर कंटिन्यू, निळीवर कंटिन्यू, हिरवीवर पॅनिक.

हिरवी डिस्क नवी विकत घेतलेली नव्हती. एका जुन्या सर्व्हरच्या आतली ५०० जीबीची डिस्क, बाहेरच्या केसिंगमध्ये घालून बॅकअपला लावलेली. तिच्यावर जागा होती आणि फाइलसिस्टिम शाबूत होती, म्हणून फॉरमॅट न करता जुनी फोल्डरं पुसून तशीच वापरात आणली गेली. जुन्या जागी पॅनिकची सूचना वेडेपणाची नव्हती. एक यंत्र पडलं की दुसऱ्यानं काम उचलायचं अशी जोडी असेल, तर खराब डिस्कवर लंगडत चालणाऱ्या यंत्रापेक्षा सरळ थांबलेलं यंत्र बरं. आतल्या डिस्कला शोभणारी ही सूचना सुपरब्लॉकमध्ये बसून केसिंगसोबत बाहेर आली, आणि रोज उपसल्या जाणाऱ्या डिस्कला लागू झाली.

आता दुसरा प्रश्न: डिस्क काढल्यावर चूक येते कुठून? कॉपी तर पूर्ण झालेली असते.

झालेली नसते. कॉपीची आज्ञा संपते तेव्हा फाइल मेमरीतल्या पेज कॅशमध्ये, म्हणजे पानांच्या तात्पुरत्या साठ्यात, पोचलेली असते, डिस्कवर पोचलेली असेलच असं नाही. न लिहिलेली पानं मोकळ्या होऊ शकणाऱ्या मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की कर्नल मागच्या मागं लिहायला घेतं. या सर्व्हरवर हा उंबरठा ६०० एमबीच्या आसपास येत होता. आपली डंपची फाइल ३५० एमबीची, म्हणजे उंबरठ्याच्या आतली. अशा पानांना कर्नल ३० सेकंदांची मुदत देतं, आणि मुदत संपलेल्यांना उचलणारा फेरा दर ५ सेकंदांनी होतो. थोडक्यात, «बॅकअप पूर्ण» असं आल्यानंतर सुमारे अर्धा मिनिट दिवसभराचा हिशेब फक्त मेमरीत असायचा. डिस्क कितीही वेगवान असली तरी यात फरक पडत नाही, कारण हा वेळ लिहिण्यात जात नसून वाट पाहण्यात जातो.

अर्ध्या मिनिटाच्या आत डिस्क उपसली की फाइलसिस्टिम माउंट आहे पण खाली डिस्क नाही, अशी अवस्था. फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या जर्नलची, म्हणजे तिच्या बदलांच्या वहीची, नोंद दर ५ सेकंदांनी पक्की होते. तिथं, किंवा ३० सेकंदांनी पानं लिहायच्या वेळी, किंवा कुणी फोल्डर वाचायला गेलं तर तेव्हा चूक उठते. हिरवीवर चूक म्हणजे पॅनिक. ताई वहीत सही घेत उभ्या असताना सर्व्हर ठीक असायचा, आणि मामांनी गाडीला किक मारेपर्यंत मेलेला असायचा. डिस्क काढणं आणि सर्व्हर मरणं यांचा संबंध इतके दिवस कुणाच्या ध्यानात आला नाही, तो या मधल्या सेकंदांमुळं.

काही मंगळवारी संध्याकाळी सर्व्हर मेला नाही, त्याचंही उत्तर यातच मिळालं. त्या दिवशी कुणाशी बोलण्यात मिनिटभर गेलं, तोवर सगळं लिहून झालं आणि मग डिस्क निघाली. त्यातल्या दोन दिवशी तो रात्री ९ वाजता मेला, कारण तेव्हा एक क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं, काम जागेचा हिशेब करायला सगळी फोल्डरं वाचत फिरायचं, आणि नसलेल्या डिस्कच्या फोल्डरवर जाऊन आपटायचं.

खरी हानी दुसरीकडंच

हिरवीचं कारण सापडल्यावर प्रकरण मिटल्यासारखं वाटत होतं. पण तपासणाऱ्यानं एक प्रश्न विचारला, आणि या सगळ्या तपासात त्याच्याइतका महत्त्वाचा दुसरा प्रश्न नाही: लाल आणि निळी डिस्कही तशीच उपसली जात होती, मग त्यांच्यावर काय आहे?

दोन्ही डिस्का दुसऱ्या संगणकावर फक्त वाचण्यापुरत्या माउंट केल्या. प्रत्येकीवर शेवटचे बारा डंप असायला हवे होते. लाल डिस्कवर चार फाइली ० बाइटच्या आणि एका दिवसाची फाइलच नाही. निळीवर तीन फाइली ० बाइटच्या. ईएक्सटी४ फाइलला जागा देणं लांबवतं, म्हणून ५ सेकंदांच्या आत डिस्क गेली तर नावही उरत नाही, आणि त्यानंतर पण पानं लिहिण्याआधी गेली तर नाव राहतं, आत काही नसतं.

सर्व्हरवर माउंटची यादी काढली तेव्हा बॅकअपच्या एकाच फोल्डरवर चार माउंट एकावर एक बसलेले दिसले. जुनी डिस्क कर्नलच्या लेखी अजून सुटलेली नसल्यानं नव्यानं जोडलेली डिस्क दर वेळी पुढचं अक्षर घेत होती. एसडीसीपासून सुरू झालेली नावांची गाडी एसडीएफपर्यंत पोचली होती. लाल आणि निळीनं मुकाट्यानं सोसलं, हिरवीनं बोंब ठोकली. ती बोंब ठोकली नसती तर ज्या दिवशी बॅकअपची खरी गरज पडली असती, त्या दिवशी ० बाइटची फाइल हातात आली असती.

स्क्रिप्टमध्ये अनमाउंटची, म्हणजे डिस्क रीतसर सोडवण्याची, ओळ होती. तिच्या पुढं # लावून ती बंद केलेली होती. कधीतरी «टार्गेट इज बिझी» असा नकार आला असणार आणि कुणीतरी ती ओळच गप्प केली असणार. नकाराचं कारण स्क्रिप्टमध्येच होतं: कॉपीच्या आधी ती स्वतः डिस्कवरच्या फोल्डरमध्ये शिरून बसायची. ज्या खोलीत उभे आहोत तिला बाहेरून कुलूप कसं लागणार?

पर्याय

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. मार्च एंड तोंडावर. म्हणून प्रत्येक पर्याय दोन तराजूंत तोलला: दोष जातो का, आणि ३१ मार्चच्या आधी हे करण्यात धोका किती.

पहिला, उबुंटू २४.०४ वर जायचं. त्यात कर्नल ६.८ आहे. कर्नल ६.५ पासून डिस्क निघून गेल्याचं ब्लॉक लेयर, म्हणजे कर्नलचा डिस्का सांभाळणारा भाग, थेट फाइलसिस्टिमला कळवतो, आणि ईएक्सटी४ स्वतःला बंद करून घेतं. त्यामुळं हिरवीचं पॅनिक बहुधा थांबलं असतं. पण ० बाइटच्या फाइली तशाच राहिल्या असत्या, उलट बोंबही बंद झाली असती. शिवाय मार्चमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं हे कुणाही शहाण्या माणसानं करू नये. एप्रिलवर ढकललं.

दुसरा, डिस्का एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायच्या, म्हणजे विंडोजवरही उघडतील. मोह होतो. पण जर्नल नाही आणि मालकी-परवानग्या टिकत नाहीत. एक्सफॅटचा नीट ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.७ पासून आला, इथं ५.४ होतं. नाकारलं.

तिसरा, सिंक पर्यायानं माउंट करायचं, म्हणजे प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर. चालतं, पण हजारो लहान स्कॅन फाइलींवर फार संथ होतं, आणि डिस्क मध्येच उपसली तर तरीही चूक येतेच. नाकारलं.

चौथा, न लिहिलेल्या पानांची मर्यादा संपूर्ण सर्व्हरसाठी कमी करायची. त्यानं धोक्याची खिडकी अरुंद होते, बंद होत नाही, आणि डेटाबेसच्या आतल्या डिस्कलाही तोच नियम लागतो. बाहेरच्या एका डिस्कसाठी डेटाबेसची चाल बदलायची नाही असं ठरलं.

पाचवा, उपकरणं जोडली-काढली की कामं करणाऱ्या यूडेव्हचा नियम: डिस्क गेल्याचं दिसताच आळशी अनमाउंट. हा मलमपट्टीचा उपाय. आळशी अनमाउंट फोल्डर नजरेआड करतं आणि लगेच «झालं» म्हणतं, पण न लिहिलेली पानं मागं तशीच असतात. याच कारणानं स्क्रिप्टमध्येही «टार्गेट इज बिझी»वर आळशी अनमाउंटचा उतारा वापरायचा नाही. ज्याला पुराव्यासकट «लिहून झालं» हवं आहे, त्याच्या कामाचा तो नाही.

सहावा, सुपरब्लॉकची सूचना बदलायची, स्क्रिप्ट दुरुस्त करायची आणि माणसाला खरा निरोप द्यायचा. हाच घेतला.

केलेली कामं

जिवंत सर्व्हरवर प्रयोग नाही, हा पहिला नियम. जुन्या संगणकावर तेच उबुंटू, तेच कर्नल ५.४ बसवलं. १६ जीबीचा पेनड्राइव्ह ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करून त्यावर मुद्दाम पॅनिकची सूचना लिहिली, ३५० एमबीची फाइल कॉपी केली आणि दहा सेकंदांनी उपसला. यंत्र गेलं. सूचना रीमाउंट-आरओ करून तेच पुन्हा केलं. लॉगमध्ये चुकांची रांग, फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती, यंत्र उभं. दर वेळी हातानं उपसायची गरज नसते: सिसएफएस या कर्नलच्या आभासी फोल्डरात त्या डिस्कच्या डिव्हाइस फोल्डरातल्या «डिलीट» फाइलमध्ये १ लिहिलं की कर्नलला डिस्क गेल्यासारखीच वाटते. बहुतेक फेऱ्या तशा केल्या, शेवटच्या हातानं, कारण केसिंगचं विजेचं वागणं सॉफ्टवेअरच्या नकलेत येत नाही.

मग खऱ्या डिस्का. तिन्ही अनमाउंट ठेवून आधी ई२एफएससीके या फाइलसिस्टिम तपासणाऱ्या साधनानं सक्तीची तपासणी. इतक्या वेळा उपसलेल्या डिस्कवर ती केल्याशिवाय पुढं जायचं नाही. हिरवीवर बऱ्याच अनाथ नोंदी निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या. त्यानंतर ट्यून२एफएसच्या -ई पर्यायानं तिन्हींवर रीमाउंट-आरओ लिहिलं आणि -एलनं वाचून खात्री केली. स्क्रिप्टमधल्या माउंटच्या ओळीतही तोच पर्याय घातला, म्हणजे उद्या चौथी डिस्क कुठूनही आली तरी सुपरब्लॉकचं ऐकलं जाणार नाही. डेस्कटॉपवर डिस्का आपोआप माउंट करणाऱ्या यूडिस्क्सनंही २.९.४ या आवृत्तीपासून ईएक्सटी कुळासाठी हाच पर्याय कायम केला आहे. इथं माउंट स्क्रिप्ट करत होती, त्यामुळं ते संरक्षण आपल्याला मिळालं नसतं.

स्क्रिप्ट नव्यानं लिहिली. क्रम असा:

डिस्क लेबलवरून ओळखायची, एसडीसी-एसडीडी अशा नावावरून कधीच नाही. बॅकअपच्या फोल्डरवर आधीचं काही बसलेलं असेल तर तिथंच थांबायचं. माउंट करून खरंच माउंट झालं का हे तपासायचं. नाहीतर सगळा बॅकअप आतल्या डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये जातो आणि एक दिवस सर्व्हरचीच जागा संपते. डंप सगळ्यात आधी कॉपी करायचा, स्कॅन नंतर. सर्वांत मोलाची वस्तू शेवटच्या डब्यात ठेवायची नाही. डिस्कच्या फोल्डरमध्ये शिरायचं नाही, पूर्ण पत्ते वापरायचे. मग सिंक, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहायला लावणं, मग अनमाउंट. अनमाउंटनं नकार दिला तर फ्यूजरनं कोण धरून बसलंय ते पडद्यावर दाखवून थांबायचं.

यानंतरची पायरी लोक सहसा गाळतात. डिस्क पुन्हा फक्त वाचण्यापुरती माउंट करायची आणि तिच्यावरून फाइल वाचून शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइलचा आकड्यातला ठसा, मूळ फाइलशी जुळवायची. अनमाउंट न करता जुळवली तर कर्नल मेमरीतलीच पानं दाखवतं आणि बेरीज जुळतेच, डिस्कवर काही असो वा नसो. जुळली की पुन्हा अनमाउंट, मग यूडिस्क्सकडून डिस्कची पॉवर बंद. त्यानं डिस्कच्या आतला कॅशही रिकामा होतो आणि फिरती तबकडी शांतपणे थांबते.

हे सगळं झाल्यावरच पडद्यावर मोठ्या अक्षरात एकच ओळ: «हिरवी डिस्क आता काढा». रंगाचं नाव लेबलवरून येतं. आधीची «बॅकअप पूर्ण» ही ओळ पूर्ण काढून टाकली. ताईंनी कधी चूक केली नव्हती. पडद्यानं जे सांगितलं ते त्यांनी ऐकलं होतं. ओळच खोटी होती.

शिवाय कर्नल-पॅनिकची मुदत ३० सेकंद केली. मूळ किंमत ० असते, म्हणजे पॅनिकनंतर यंत्र कायमचं थांबून राहतं. केडंप तसाच ठेवला.

निकाल, आणि निळीचा उरलेला त्रास

त्यानंतर हिरवीवर एकही पॅनिक नाही. मार्च एंड पार पडला.

मध्येच निळीनं वेगळा त्रास दिला. कॉपी चालू असतानाच अडकली. या वेळी ताईंनी आधी कीबोर्ड पाहिला: दिवे स्थिर. म्हणजे पॅनिक नाही. काउंटरवरून सर्व्हर चालत होता, फक्त सिंकची आज्ञा परत येत नव्हती. लॉगमध्ये «१२० सेकंदांपेक्षा जास्त अडकलेलं काम» अशा अर्थाची ओळ आणि तिच्या वर यूएएसच्या रद्द केलेल्या आज्ञांची रांग. निळी ही यूएसबी ३ च्या केसिंगमधली एसएसडी, आणि यूएएस हा तिच्याशी बोलायचा नवा, वेगवान ड्रायव्हर. काही केसिंगच्या चिपा तो दाव्याप्रमाणं पेलत नाहीत.

एका वेळी एकच बदल, हे इथं पाळलं. आधी पुढच्या पॅनेलवरून आणि लांब वायरीवरून काढून आखूड वायरीनं थेट मागच्या पोर्टला लावली. दोन आठवड्यांत एकदा पुन्हा अडकली. मग यूएसबी-स्टोरेज या जुन्या ड्रायव्हरच्या क्वर्क्समध्ये, म्हणजे अपवादांच्या यादीत, त्या केसिंगचा विक्रेता-क्रमांक आणि उत्पादन-क्रमांक लिहून पुढं «यू» अक्षर, म्हणजे यूएएस वापरू नको, असं दिलं, इनिटरामएफएस, म्हणजे बूट होताना आधी चढणारा छोटा फाइलसंच, नव्यानं बांधून रीबूट केलं. एलएसयूएसबी या आज्ञेनं दाखवलेल्या यूएसबी जोडण्यांच्या झाडात तिच्यापुढं यूएएसऐवजी यूएसबी-स्टोरेज दिसायला लागलं. वेग कमी झाला, बॅकअपला मिनिटभर जास्त लागतो, अडकणं थांबलं.

काय वेगळं करता आलं असतं

वही पहिल्या दिवशी उघडायला हवी होती. तारखा आणि डिस्कांचे रंग शेजारी मांडायला दहा मिनिटं पुरेशी होती, आणि यूपीएसची बॅटरी व एसएमपीएसचा खर्च वाचला असता. त्याआधीही, मेलेल्या यंत्राजवळ रोज सर्वांत आधी पोचणाऱ्या माणसाला काय दिसलं, ते विचारायला हवं होतं. मामांना कुणी विचारलंच नव्हतं.

जुनी डिस्क बॅकअपला घेताना फॉरमॅट करायलाच हवी होती. फोल्डरं पुसल्यानं सुपरब्लॉक बदलत नाही. आता संस्थेत नियम आहे: बाहेरून आलेली डिस्क आधी नव्यानं ईएक्सटी४, मग लेबल, मग चिकटपट्टी.

क्रॅशचं कारण मिळताच शोध थांबवला असता तर ० बाइटच्या फाइली तशाच राहिल्या असत्या. त्या योगायोगानं सापडल्या नाहीत, पण थोडक्यात सुटल्या असत्या हेही खरं. बॅकअप परत उभा करून पाहणं हे काम कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं. आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ताई त्या आठवड्याच्या डिस्कवरचा डंप प्रयोगाच्या जुन्या संगणकावर चढवतात, आदल्या दिवसाची रोजकीर्द काढतात आणि छापील रोजकीर्दीशी ताडून वहीत सही करतात. वहीत त्यासाठी नवा रकाना आखला आहे.

२४.०४ चं काम मे महिन्यात, लग्नसराईच्या गर्दीत एक रविवार धरून झालं. निळीच्या पुढचं «यू» तूर्त तसंच ठेवलं आहे. नव्या कर्नलवर ते काढून पाहायचं तर आधी जुन्या संगणकावर, निळीसारख्याच दुसऱ्या केसिंगनं.